तीन बाकांची गाडी

आमचं घर सक्करदऱ्याच्या तलावापासून दोन गल्ल्या अलीकडे होतं. दोन खोल्या, पुढे कौलारू छपरी, आणि बाजूला एवढं मोकळं आंगण की बैलगाडी उभी राहील. दादा भिलाईला नोकरीला लागला आणि घरातला आवाज एकाएकी कमी झाला. तो असताना रेडिओ चालायचा, सायकल भिंतीला आपटायची, आईचं त्याला ओरडणं चालायचं. तो गेल्यावर उरले मिलचे भोंगे, तलावावर धोब्यांच्या कपड्यांची थपथप आणि संध्याकाळी चुलीजवळ आईचं भाकरी थापणं. आई मुळातच कमी बोलायची. बाबा घरी आले की हातपाय धुऊन छपरीत बसत, आणि जेवायला बोलवेपर्यंत तिथेच बसलेले असत. मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते. कॉलेजातून आल्यावर मला बोलावंसं वाटे, पण कोणाशी बोलायचं ते कळत नसे. मग मी भांडी घासायला घेई.

बाबा एका कापडमिलच्या दवाखान्याची ॲम्ब्युलन्स चालवायचे. एकोणीस वर्षं एकच गाडी. मशीनमध्ये हात सापडलेले कामगार, अडलेल्या बायका, छातीत कळ आलेले जॉबर-मुकादम, सगळे त्यांनी मोठ्या दवाखान्यात पोचवले. त्याबद्दल ते घरी काही सांगत नसत. एखाद्या दिवशी आंघोळ जास्त वेळ चालली की आई समजून जाई आणि त्यांच्या ताटात नुसता वरणभात वाढे. त्या दिवशी भाजीकडे ते बघतही नसत. मग त्यांच्या डोळ्यांना अंधारात कमी दिसायला लागलं. त्याच सुमाराला दवाखान्याला नवी गाडी आली. ती तरुण ड्रायव्हरच्या हातात गेली, बाबांना गोदामात बसवलं, आणि जुनी गाडी मोडीत निघाली. लिलावाच्या दिवशी भंगारवाल्यांनीही तिच्याकडे पाठ फिरवली. बाबांनी ती घेतली. आईला विचारलं नव्हतं. दुपारी गल्लीच्या तोंडाशी इंजिनाचा ओळखीचा आवाज आला, आई दारात गेली, आणि पांढरी गाडी मागे मागे येत आंगणात शिरली तेव्हा ती आत निघून गेली.

रात्री जेवताना बाबांनी सांगितलं. गाडीत घर करायचं. झोपायला बाकं, पाण्याची टाकी, स्टोव्ह ठेवायला फळी. मग सगळ्यांनी मिळून सांचीला स्तूप बघायला जायचं. सावनेर, पांढुर्णा, बैतूलचा घाट, नर्मदेवरचा पूल, भोपाळ. ही नावं त्यांनी दुसऱ्या ड्रायव्हरांकडून ऐकून पाठ केली होती. स्वतः त्यांनी एकोणीस वर्षांत मिल ते दवाखाना आणि दवाखाना ते मिल एवढाच रस्ता पाहिला होता. वाटेत हवं तिथे थांबू, म्हणाले, झाडाखाली स्वयंपाक करू, कोणाच्या दारात जागा मागायला नको. आईनं त्यांच्या ताटात भात वाढला आणि म्हणाली, "ज्या गाडीत लोकं रडले, तिच्यात मी भाकर नाही थापनार." एवढंच. बाबांना वाटलं, गाडी तयार झाली की ती येईल. मलाही तसंच वाटलं.

ते वर्ष मी त्या गाडीत काढलं असं म्हटलं तरी चालेल. बाबांनी मला बोलावलं नव्हतं. एका रविवारी ते एकटेच स्ट्रेचरचे रूळ उखडत होते, मी चहा द्यायला गेले आणि तिथेच थांबले. आत फिनाईलचा वास इतका मुरलेला होता की आठ दिवस दोन्ही दारं उघडी ठेवून, सोड्याच्या पाण्यानं धुऊन, संत्र्याच्या साली पेटवून धूर करूनही तो गेला नाही. शेवटी आम्हाला त्याची सवय झाली. बाहेरचं लाल क्रॉसचं चिन्ह मी पॉलिश पेपरनं घासून काढलं. वर हिरवा रंग दिला, तरी ऊन तिरपं पडलं की ते रंगाखालून दिसायचं. खिडक्यांना दुधी काचा होत्या, त्या काढून बाबांनी साध्या बसवल्या. सलाईनची बाटली टांगायचा हूक होता, त्याला कंदील लागला. ऑक्सिजनच्या सिलिंडरची लोखंडी चौकट होती तशीच ठेवून तिच्यात पाण्याचं पिंप बसवलं आणि खाली नळ लावला. लाकूड मिलमधल्या फुटक्या खोक्यांचं होतं. बाबा रंधा मारायचे, मी मागे बसून वाकडे खिळे दगडावर ठोकून सरळ करायची. आम्ही बोलत नव्हतो. पण ते हात मागे करायचे आणि मी त्यात हवी ती वस्तू ठेवायची, आणि ती बरोबर असायची. मला वाटायचं, हेच आमचं बोलणं आहे.

गल्लीतले लोक आधी बघायला यायचे, मग येईनासे झाले. पोरं लांबून ओरडायची, मुडद्याची गाडी. शेजारची बाई तिच्या लहान मुलाला आमच्या भिंतीकडे खेळू देत नसे. माझी एक मैत्रीण होती, ती वाटेवरून हाक मारायची पण आंगणात पाऊल टाकत नसे. मी गाडीतून बाहेर येऊन फाटकापर्यंत जायची, आम्ही फाटकाच्या दोन बाजूंना उभ्या राहून चार वाक्यं बोलायचो, आणि ती जायची. परवा माझ्या नातवानं मला मोबाईलवर दाखवलं, आता तरुण मुलंमुली अशाच जुन्या गाड्यांची घरं करतात, देशभर हिंडतात, आणि लाखो लोक ते बघतात. किती छान आहे ना आजी, म्हणाला. मी हो म्हटलं. आमच्या गाडीबद्दल त्याला सांगावं असं ओठावर आलं होतं, पण त्याला अभ्यासाला बसायचं होतं.

बाकांची मापं घेतली तो दिवस मला नीट आठवतो. थंडी सुरू झाली होती, आई उन्हात बसून मुंगाच्या वड्या घालत होती. बाबा शिंप्याकडची जुनी टेप घेऊन आले आणि तिला उभं राहा म्हणाले. हाताला पीठ लागलेलं, तशीच ती भिंतीला टेकून उभी राहिली. त्यांनी भिंतीवर पेन्सिलीनं खूण करून तिची उंची घेतली आणि फळीवर लिहिली. मग स्वतःची घेतली, टेपचं टोक मी धरलं. दादा भिलाईला, त्याची कशी घेणार? बाबांनी पेटीतून त्याची जुनी पॅंट काढली, बाजेवर पसरली, कमरेपासून खाली मोजली आणि वरचं अंग अंदाजानं धरलं. किती वेळ ते ती पॅंट सरळ करत होते. मग टेप गुंडाळायला लागले. मी भिंतीला टेकून उभी होते. आईच्या डोक्याची पेन्सिलची खूण भिंतीवर होती, तिच्या शेजारीच.

मी म्हटलं, "बाबा, माझं माप?"

त्यांनी वर पाहिलं. त्यांना खरंच काही समजलं नव्हतं. "तुले काहून?" ते म्हणाले. "गाडी तयार होईस्तोवर तू आपल्या घरी जाशीन."

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, तुसडेपणाही नव्हता. उद्या सोमवार आहे असं सांगावं तसं ते म्हणाले आणि करवत उचलली. आईनं वड्या घालणं थांबवलं नाही. मी टेप खुंटीला अडकवली आणि आत गेले. तेव्हा रडू आलं नाही. आपलं घर म्हणजे कोणतं, हा विचार मात्र दिवसभर डोक्यातून गेला नाही. ज्या घरात मी उभी होते ते माझं नव्हतं, आणि जे माझं होतं त्याचा पत्ता अजून कोणाला माहीत नव्हता. दुसऱ्या दिवसापासून मी पुन्हा बाबांच्या मदतीला बसले. तीनही बाकांच्या गाद्या मीच शिवल्या, जाड मांजरपाटाच्या, कडेला निळी पट्टी लावून. दादाचं बाक वरचं होतं, साखळीनं टांगलेलं, दिवसा भिंतीला मिटणारं. त्याची गादी शिवताना मशीनची सुई दोनदा तुटली.

पुढच्या दिवाळीत दादा आला. बाबांनी सुट्टी घेऊन ठेवली होती. स्टेशनवरून आल्यावर त्यांनी त्याला चहाही घेऊ दिला नाही, सरळ गाडीपाशी नेलं, दार उघडलं, नळ सोडून दाखवला, साखळी काढून वरचं बाक खाली केलं. दादानं वाकून आत पाहिलं. तो आत चढला नाही. चांगलं झालं, म्हणाला, आणि मग चपलेनं टायर दाबत म्हणाला की सांचीला रेल्वे जाते, पहाटे बसलं की दुपारी पोचता येतं. बाबांनी बाक वर केलं आणि साखळी लावली. तीन दिवसांनी दादा गेला. पुढच्या पत्रात त्यानं लिहिलं की कॉलनीत त्याला क्वार्टर मिळणार आहे आणि आता एकदोन वर्षं तरी येणं जमणार नाही. ते पत्र मीच वाचून दाखवलं. आई म्हणाली, जेवतो का नीट ते लिहिलं का? लिहिलं नव्हतं. लिहिलं आहे, असं मी सांगितलं.

त्यानंतर बाबा रोज संध्याकाळी गाडी सुरू करायचे, थोडा वेळ इंजिन चालू द्यायचे आणि बंद करायचे. बॅटरी उतरू नये म्हणून, असं ते म्हणत. काम काहीच उरलं नव्हतं. मीही मग आत जाईनाशी झाले.

मला पाहायला कामठीचे पाहुणे आले तेव्हा आईनं गाडीवर जुन्या चादरी टाकायला लावल्या होत्या. मुलगा, त्याचे वडील आणि आत्या. चादरी वाऱ्यानं सरकल्या. आत्याबाईंनी विचारलं, ही कशाची गाडी? बाबांनी सगळं सांगितलं, मोठ्या उत्साहानं, अगदी सलाईनच्या हुकापर्यंत. कितीतरी दिवसांनी कोणी तरी विचारलं होतं. मी पोह्यांचा ट्रे घेऊन दारात उभी होते आणि आत्याबाईंचा चेहरा बदलत जाताना बघत होते. मी सगळ्यांना पोहे दिले. आत्याबाईंनी बशी हातात घेतली, थोडा वेळ धरली आणि खाली ठेवली. कामठीहून उत्तर आलं नाही.

आठवडा गेल्यावर आई बोलली. जेवणं झाली होती, ती ताटं गोळा करत होती. "हे गाडी दारात उभी हाय तवरीक या घरात सोयरीक येनार नाही," ती म्हणाली. बाबांनी आंगणाकडे पाहिलं. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तू सांग. ठेवू का इकू?"

कशाबद्दलही त्यांनी मला विचारण्याची ती पहिली वेळ. आणि मला माहीत होतं की मी ठेवा म्हटलं असतं तर त्यांनी आईचं ऐकलं नसतं. पाहुण्यांचं मला काही वाटलं नव्हतं. तो मुलगा मला आवडलाही नव्हता. मला दिसत होती ती भिंत, आईची पेन्सिलची खूण आणि गुंडाळलेली टेप. मी म्हटलं, "विका." आवाज अगदी साधा ठेवला. बाबांनी मान हलवली आणि हात धुवायला उठले.

कुहीच्या पुढच्या एका गावच्या धानवाल्या शेतकऱ्यानं गाडी घेतली. त्याला शेतातून पोती आणि पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, वाहायला बंद गाडी हवी होती. गाडी पोचवायला जायच्या सकाळी बाबांनी चप्पल घातली आणि मला विचारलं, "येतं का?" आईनं भाकरी आणि आंबाडीची भाजी डब्यात भरून दिली. तिनं गाडीच्या काचेवरची धूळ पदरानं पुसली, का ते मला कळलं नाही, आणि आत गेली.

मी पुढे, बाबांच्या शेजारी बसले. उमरेडच्या रस्त्यानं निघालो. शहर संपलं तसं बाबा ताठ बसले. समोरून येणाऱ्या ट्रकवाल्यांना हात करायला लागले, आणि तेही करायचे. कापणी झालेली होती. बांधांवर तणसाचे, धानाच्या पेंढ्याचे ढीग होते, त्यांचा कोरडा गोड वास आत येत होता. आमच्या गाडीची एवढीच काय ती यात्रा. एका कालव्याशी त्यांनी गाडी थांबवली आणि म्हणाले, स्टोव्ह चालते का ते तर पाहू. मागे गेलो. मी पंप मारला, चहा ठेवला. दूध नव्हतं. तो काळा चहा घेऊन आम्ही समोरासमोरच्या दोन बाकांवर बसलो. खिडकीतून कालव्याचं पाणी दिसत होतं, आणि पलीकडे दोन बगळे. चहाला रॉकेलचा वास येत होता. बाबा म्हणाले की बाकांची उंची बरोबर झाली, गुडघे टेकत नाहीत. मी हो म्हटलं. कप मी विसळले.

शेतकऱ्याच्या खळ्यात पोचलो तेव्हा त्यानं मागचं दार उघडलं आणि हसला. हे सगळं काढा गा भाऊ, म्हणाला, मले रिकामा डबा पायजे. बाबांच्या हे लक्षातच आलं नव्हतं. माझ्याही नाही. सीटखाली पाना आणि पेचकस होते, ते घेऊन बाबा आत चढले आणि मी त्यांच्या मागे. बसवायला ज्याला वर्ष लागलं होतं ते काढायला दोन तासही लागले नाहीत. बाबा स्क्रू काढायचे, मी फळीला खालून आधार द्यायची आणि सुटली की बाहेर नेऊन रचायची. काही स्क्रूंवर रंग बसला होता, ते खरवडावे लागले. पाण्याचं पिंप गेलं, स्टोव्हची फळी गेली. आईचं बाक निघालं, बाबांचं निघालं. वरच्या बाकाची साखळी सोडताना मी म्हटलं, "बाबा, मी विका म्हटलं ते पाहुण्यांसाठी नाही म्हटलं."

ते स्क्रू फिरवत राहिले. "मंग?"

"तुम्ही माझी जागा केली नव्हती म्हणून."

पेचकस थांबला. बाहेर कोणी तरी बैलाला हाकत होतं. बाबांनी माझ्याकडे पाहिलं नाही. म्हणाले, "रागानं तुही जागा गाळली असती, तर आज माफी मागता आली असती वं. पन माह्या मनातच नाही आलं. तू रोज माह्याजवळ बसून राहायची, आन् मनातच नाही आलं."

मला त्यांची समजूत घालायची होती. जाऊ द्या म्हणायचं होतं. पण मी दोन्ही हातांनी फळी धरली होती, आणि ती जड होती. त्यांनी शेवटचा स्क्रू काढला. फळी माझ्या खांद्यावर आली, मी ती उतरवून बाहेर नेली. परत आले तेव्हा ते रिकाम्या गाडीत उकिडवे बसून जमिनीवरचे स्क्रू गोळा करत होते. एकेक उचलून खिशात टाकत होते. शेतकऱ्याच्या बायकोनं पाणी आणलं. गाद्यांकडे बघून तिनं विचारलं, ह्या नेता का? मी नाही म्हटलं, तर तिनं त्यातली एक लगेच छपरीत नेऊन तिच्या म्हाताऱ्या सासूखाली अंथरली. लाकूड गोठ्याला उपयोगी पडेल म्हणून शेतकऱ्यानं ठेवून घेतलं. भाकरी आम्ही तिथेच झाडाखाली बसून खाल्ली. खळ्यात गाडीची दारं उघडीच होती, आणि एक कोंबडी आत चढून फिरत होती.

परत यायला एस.टी. होती. कुहीच्या स्टँडवर तासभर थांबावं लागलं. बसमध्ये गर्दी नव्हती, आम्हाला दोघांची सीट मिळाली, खिडकीशी मी. बाबा नेहमी ड्रायव्हरमागे जागा धरायचे, रस्ता बघायला, त्या दिवशी मात्र मागे येऊन माझ्या शेजारी बसले. ऊन कलत होतं. त्यांच्या खिशातले स्क्रू प्रत्येक खड्ड्याला वाजत होते. बऱ्याच वेळानं, माझ्याकडे न बघता, ते म्हणाले, "तुले काय करायचं हाय?"

मला आधी वाटलं, घरी जाऊन स्वयंपाकाचं विचारत आहेत. मग समजलं. मी उत्तर शोधायला लागले आणि माझ्या लक्षात आलं की माझ्याकडे उत्तर नाही. एकोणीस वर्षांची होते, आणि या प्रश्नावर मी कधी विचारच केला नव्हता. कारण तो मला कोणी विचारला नव्हता, आणि मीही स्वतःला विचारला नव्हता. बाबांना ते सुचलं नाही म्हणून मी वर्षभर मनात राग धरून बसले होते, आणि मलाही ते सुचलं नव्हतं.

पुढे मी शिक्षिका झाले, तीस वर्षं शाळेत शिकवलं, लग्नही झालं, सगळं झालं. बाबा जाऊनही आता किती वर्षं झाली. पण त्या बसमध्ये मी खिडकीबाहेर बघत होते. सक्करदऱ्याला उतरेपर्यंत विचार करत होते आणि ते वाट बघत होते. घाई करत नव्हते. मी एकदोनदा त्यांच्याकडे पाहिलं. उतरायच्या वेळी त्यांनी माझ्या हातातला रिकामा डबा घेतला आणि म्हणाले, "सांगशीन मंग." आणि गल्लीतून नेहमीसारखं पुढे न चालता माझ्या बरोबरीनं चालायला लागले.